छातीएवढे वाफे

मागून येणारा माणूस मान न वळवता ओळखावा तो माझ्या धाकट्या मामानंच. उभ्या बुलढाणा जिल्ह्यात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. मान वळतच नसे, म्हणून कान तयार झाले होते. देऊळघाटच्या वाटेवर मागं चपला वाजल्या की हा समोर बघतच विचारी, "काय व सोनाबाई, आज डावा पाय ओढून राह्यली?" आणि वळून बघायची वेळ आलीच, तर सगळा देह बैलबंडीसारखा प्रशस्त वळसा घेई, आजूबाजूची माणसं आपण होऊन बाजूला सरत.

विशीतच त्याच्या कण्यात वात शिरला होता. सकाळी तो लाकूड होऊन उठे आणि अंगणात शंभर येरझाऱ्या घातल्यावर कुठं माणसात येई. बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा. हा दोन वर्षं पडून राहिला. कणा आणखी आखडला आणि अंग असं सुटलं की धाडच्या बाजाराला निघताना बंडीवाला त्याला बरोबर मधोमध बसवी, नाहीतर बैलांचे पाय उचलायचे. पुढं तेच डॉक्टर त्याच्या पोटाकडं बघून म्हणाले, "इतकं खाता कशाला?" मामा म्हणाला, "साहेब, तुम्ही पडून राहा म्हटलं, ते मी मन लावून केलं."

खरं तर एका वेळेला एक भाकर, एवढाच त्याचा आहार. पण 'बसून खाणारा' हा शिक्का बसला तो बसलाच. ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. आजोबा गेल्यावर थोरल्या मामानं भाजीचा मळा स्वतःकडं ठेवला आणि याला गोठ्यामागचा खडकाळ तुकडा दिला. "ज्याले वाकता येत नाही, त्याले मळा कायले पायजे?" हे तो चारचौघांत बोलला. माझी आई दोघांची बहीण. ती तेव्हा ढसाढसा रडली. मामा मात्र दुसऱ्या दिवसापासून दगड रचू लागला.

छातीएवढ्या उंचीचे पोकळ ओटे त्यानं बांधले, त्यांत माती आणि शेणखत भरलं, आणि उभ्या उभ्या मिरची-वांग्याचं बी टाकलं. गाव खो खो हसलं. "भाजीले पलंग बांधून राह्यला!" त्याच सुमारास नागपूरकडचे कोणी बडे साहेब गावात आले. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार तिकडूनच चाले. सगळं गाव कमरेत वाकलं, मामा खांबासारखा उभा. पाटील दबक्या आवाजात खेकसले, "वाक बे!" मामा म्हणाला, "मनातून लय वाकलो पाटील, पाठ ऐकून नाही राह्यली."

आणि मग एका साली पंधरा दिवसांची झड लागली. जमिनीवरच्या वाफ्यांत पाणी तुंबलं, गावातली रोपं मुळासकट सडली. मामाच्या ओट्यांतलं पाणी दगडांच्या फटींतून निथळून गेलं. वर रोपं हिरवीगार. आधी हसणारे आले, रोपं घेऊन गेले. सगळ्यांत शेवटी थोरला मामा आला. मी तेव्हा आईबरोबर तिथंच होते. तो मातीकडं बघत उभा राहिला.

"मळा ओसाड पडला रे," तो म्हणाला. "मिरचीचं रोप भेटन काय?"

"भेटन ना दादा. पण खाली काऊन पाहून राह्यला? माह्या वाफ्यापाशी कोणालेच वाकावं लागत नाही."

मामानं स्वतः रोपं उपटून ओल्या पोत्यात गुंडाळून दिली. पुढच्या उन्हाळ्यात थोरल्यानं मळ्यात तसेच पाच ओटे स्वतःच्या हातांनी बांधले आणि भावाला हाताला धरून तिथं नेलं. त्यानंतर दरसाल सगळ्या गावाचं रोप माझ्या मामाच्या हातचं असे, आणि हे मी सासरी ज्याला त्याला ऐकवलेलं आहे.

उतारवयात मामाची मान छातीकडं झुकत गेली, समोरच्याचा चेहरा त्याला दिसेना. नांदुऱ्याहून मी भेटायला गेले की त्याच्या पायाशी जमिनीवर बसे, म्हणजे आमची नजरानजर होई. "बाजेवर बस व पोरी, मास्तरीण झाली तू," तो म्हणे. मी हलत नसे. एकदा त्यानं माझ्या कपाळावरची पांढरी बट बोटानं हळूच मागं सारली.