गोवराच्या घरची पेज

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत फुलचूरला आमच्या शेजारी एक बाई राहत. कुणाच्या लेकराला गोवर आला की त्या न बोलावता जात आणि भांडल्यासारखं विचारत, "काऊन उपाशी ठेवून राहिल्या त्याले?" गोवराच्या तापात अन्न द्यायचं नाही, असं तेव्हा सगळेच मानत. म्हणून बायका त्यांना टाळत.

माझ्या धाकट्या बहिणीला गोवर आला, तेव्हा त्या तांदळाची पातळ पेज घेऊन आल्या. आई दारातच आडवी उभी राहिली. "ताप उतरू द्या, मंग खाईल," ती म्हणाली.

एरवी बाईंचा आवाज चार घरं ऐकू जाई. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "माही पोर भात मांगे. म्या बी हेच म्हणलं. ताप उतरला, तवा तिच्यात घास गिळाची ताकत नव्हती."

आई बाजूला झाली. बाईंनी बहिणीला मांडीवर घेऊन चमच्याने पेज पाजली. पुढे डॉक्टरांनी शक्तीसाठी दिलेलं माशाचं तेलही त्याच पाजत. आधी स्वतः चाखून असं तोंड वाकडं करत, की बहीण हसे आणि तेवढ्यात चमचा तोंडात जाई.

बहीण हिंडूफिरू लागली. एकदा ती त्यांच्या घरात शिरून म्हणाली, "मावशी, भूक लागली."

बाईंनी तिला पोटभर वाढलं. ती जेवत होती आणि बाई चुलीकडे तोंड करून रडत होत्या. बहिणीला शोधत आलेली आई ते बघून दारातच थांबली. तिने हाक मारली नाही.