बाईंचं भूशिर

माझ्या सासूबाईंना त्यांचा सख्खा मुलगासुद्धा 'बाई' म्हणतो. पाचवी ते सातवी मंदार त्यांच्याच वर्गात होता. पहिल्या दिवशी त्याने सवयीने "आई" अशी हाक मारली, तेव्हा बाईंनी फळ्यावरून मागे वळून विचारलं होतं, "कोणाची?" त्या दिवशी तो जो सुधारला तो घरी आल्यावरही पुन्हा बिघडला नाही. अमरावतीतले भाजीवाले, रिक्षावाले, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्यांना बाईच म्हणत. लग्नानंतर मी एकदा "आई" म्हणून पाहिलं, तर घरातली चार माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते. मग मीही मुकाट्याने बाई म्हणू लागले.

बाईंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि जगाकडे त्या तपासायला आलेल्या वहीसारख्या बघत. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला आल्या, तेव्हा विमानतळावरून ब्लँचर्डस्टाउनच्या घरी येईपर्यंत पाऊस होता. मंदार ओशाळून म्हणाला, "इथे असंच असतं, बाई." बाईंनी काचेबाहेर नजर टाकली आणि म्हणाल्या, "पश्चिमी वारे. बरोबर आहे." चुकीचे वारे असते तर बहुधा परत पाठवले असते. दुसऱ्या दिवशी मी आणलेल्या बटाट्यांच्या पिशवीकडे बघून त्यांनी "मुख्य पीक" अशी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या आयर्लंडच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या. "हा पूर्वेचा किनारा पाहा, कसा गुळगुळीत. आणि हा पश्चिमेचा. कुत्र्याने चघळलेली चप्पल जशी! किनारा असाच पाहिजे." मग डिंगल नावाच्या द्वीपकल्पाच्या टोकावर बोट ठेवून त्यांनी जाहीर केलं, "मला इथं जायचं आहे. सायकलनं. आणि शेवटचं पायी."

मंदारने कपाळाला हात लावला. कारण परत गेल्या गेल्या बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यानंतर सायकल विसरायची, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. "गाडीने जाऊ, अगदी टोकापर्यंत पार्किंग आहे," मंदार म्हणाला. "पार्किंग पाहायला मी अमरावतीहून नाही आली," बाई म्हणाल्या. मग त्याने बॅटरीवर चालणारी सायकल सुचवली. बाईंनी ती दुकानात चालवून पाहिली आणि दोन मिनिटांत खाली उतरल्या. "ही माझ्या आधीच जाऊन राहिली. मी कशाला पाहिजे मग?"

खरं कारण त्यांनी मला एकटीला सांगितलं. मंदार ऑफिसला गेला होता. बाई आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांमधले डबे उंचीप्रमाणे लावत होत्या.

"केतकी, मी एक खोटं बोलली आहे."

मला वाटलं काहीतरी फुटलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्या किनाऱ्याचा धडा शिकवत होत्या. जमिनीचा समुद्रात घुसलेला निमुळता भाग म्हणजे भूशिर, असं त्यांनी सांगितलं आणि वैशाली नावाच्या एका आगाऊ पोरीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलं?" बाईंनी तोवर अकोल्याच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. पण पन्नास पोरं टक लावून बघत होती. "हाव, पाहिलं ना," बाई म्हणाल्या. "सायकलनं गेली, शेवटचा चढ पायी चढली. तिन्ही बाजूंनी निळं पाणी." पोरांनी आ वासला आणि बाई अडकल्या. कारण पुढल्या वर्षीचा वर्ग ही गोष्ट ऐकायचीच म्हणून तयार बसलेला असे. हळूहळू त्यात दीपगृह आलं, दीपगृहाच्या रखवालदाराने पाजलेला चहा आला आणि निवृत्तीच्या वर्षी तर देवमासा आला.

"मग खरंच जायचं की कधीतरी," मी म्हटलं.

"आधी सासूबाईंचं आजारपण होतं. मग मंदारच्या बाबांचं. मग गुडघे." त्यांनी मेथीचा डबा पुन्हा एकदा सरळ केला. "आता हे गुडघे जायच्या आत एकदा जाऊन आली, की ते खोटं राहत नाही. मोटारीनं गेली तर राहते. आणि मंदारला सांगू नको. त्याने पण हा तास ऐकला आहे. ते सगळं त्याच्या जन्माच्या आधी झालं असं त्याला वाटते."

एकट्या जाऊ देणं शक्य नव्हतं आणि मंदार शेवटी कबूल झाला तरी त्याला शनिवार-रविवारीही लॅपटॉप सोडून हलता येत नव्हतं. म्हणजे बाईंसोबत मी. अडचण एवढीच होती की मला सायकल येत नव्हती. मी पुण्याची, आणि मला सायकल येत नाही, हे ऐकून बाईंना देवमासा दिसल्याइतका धक्का बसला. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी घरामागच्या मैदानात माझी शिकवणी झाली. गुडघ्यांमुळे बाईंना मागे धावता येत नव्हतं. त्या घडीची खुर्ची टाकून, छत्री उघडून बसत आणि तिथून ओरडत, "चाकाकडे काऊन पाहून राहिली? चाक कुठं पळून नाही जात. समोर पाहा!" कुत्री फिरवायला आलेली मंडळी आधी लांबून बघत, मग थांबत, आणि शेवटच्या आठवड्यात तर मी वळण घेतलं की टाळ्या वाजवत. बाई रोज गुण देत. साडेतीनपासून सुरुवात झाली आणि मी सहापर्यंत पोचले. "सातवर पास करते मी," त्या म्हणाल्या, "पण तुझ्यासाठी वेळ नाही. चाल."

जूनमधल्या एका शनिवारी मंदारने आम्हाला डिंगल गावात आणलं. तो मुक्कामाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला आणि आम्ही दोघी भाड्याच्या सायकलींवर निघालो. बाईंनी पंजाबी ड्रेसवर माझा पिवळा रेनकोट चढवला होता आणि पुढच्या टोपलीत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी होती. रस्ता चिंचोळा, डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर. गावकरी सोडून सगळ्या गाड्यांनी हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यायचा असा तिथला रिवाज आहे. "प्रदक्षिणा आहे," बाई खूश होऊन म्हणाल्या. "कोणीतरी शिकवलं आहे यांना." त्या पुढे, मी मागे. माझा जीव मुठीत होता आणि मूठ ब्रेकवर.

त्या भागात समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून नमस्कार करतो. ओळख असो वा नसो. हे मी बाईंना सांगायला विसरले. व्हेंट्री गावाच्या पुढे एका ट्रॅक्टरवाल्या आजोबांनी तर्जनी वर केली, आणि एकतीस वर्षांची सवय, बाईंनी भर रस्त्यात सायकल थांबवून पाय टेकला.

"येस," त्या म्हणाल्या. "आस्क."

आजोबांनी ट्रॅक्टर थांबवला. आमच्या मागे एक मोटार थांबली, तिच्यामागे एक बस. मी बाईंवर आदळता आदळता कुंपणात शिरले.

"आर यू लॉस्ट, मिसेस?" आजोबांनी काळजीने विचारलं.

"नो," बाई म्हणाल्या. "आय ॲम जिऑग्राफी टीचर."

यावर त्या आजोबांनी टोपी काढली. कुठे निघालात, वय काय, गुडघे कसे, सगळी चौकशी झाली. बसवाल्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. शेवटी आजोबा म्हणाले, पाच वाजेपर्यंत टोकाच्या पार्किंगपाशी ट्रेलर घेऊन येतो, परत सायकल मारायची नाही. बाईंनी क्षणभर विचार करून परवानगी दिली. "परतीचं मी वर्गात काही सांगितलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या.

पुढे डोंगराच्या उतारावर दगडी झोपड्या लागल्या. हजार वर्षांहून जुन्या, गोल, वर निमुळत्या होत गेलेल्या, दगडावर नुसता दगड ठेवून बांधलेल्या. बाई वाकून आत शिरल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बसलेला गुडघा उठत नव्हता म्हणून, हे मला नंतर कळलं. मी ओढून काढलं तेव्हा म्हणाल्या, "चुना नाही, सिमेंट नाही, गळत नाही. आमच्या शाळेच्या ठेकेदाराला दाखवायला पाहिजे होतं." तिथेच दशम्या खाल्ल्या. मी हळूच म्हटलं, गुडघा फार दुखतोय का, इथूनच फिरायचं का. बाईंनी मला चटणी वाढली. हा माझ्या प्रश्नाचा निकाल होता.

टोकाखालच्या पार्किंगला पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. सायकली कुंपणाला टेकवल्या आणि गवताळ चढ चालू लागलो. धडधाकट माणसाला वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. अर्ध्यावर समुद्रावरून धुकं आलं आणि बघता बघता खालचं पार्किंग, मेंढ्या, रस्ता सगळं गिळून बसलं. बाई दहा पावलं चालत, थांबत, पुन्हा दहा. मग सहा. मग एका खडकाला धरून उभ्या राहिल्या, आणि पुढचं पाऊल काही पडेना.

"बाई," मी म्हटलं, "इथवर आलो म्हणजे आलोच की. जेमतेम पन्नास पावलं राहिली असतील. आणि या धुक्यात आपल्याला बघतंय कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एकदम पाचवीत गेले.

"तेव्हाही खरंखोटं पाहायला कोणी नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर झालं सगळं."

आणि त्या गवतावर बसल्या. चढाकडे पाठ केली, दोन्ही तळहात मागे टेकले, आणि लहान मूल जिना चढतं तसं बसल्या बसल्या मागे मागे सरकायला लागल्या. एक वीत. मग आणखी एक वीत. पिवळा रेनकोट चिखलाने माखला. मला हसू येत होतं, पण सून उभी आणि सासू अशी, हे बघवेना, म्हणून मीही त्यांच्या शेजारी बसले आणि मागे सरकायला लागले. तेवढ्यात वरून एक जोडपं कुत्र्यासह उतरत आलं. धुक्यातून उलट्या सरकत येणाऱ्या दोन बायका पाहून कुत्रं भुंकायचंच विसरलं.

"आर यू ऑल राइट?" जोडप्यातल्या बाईने विचारलं.

"ग्रँड!" आमच्या बाई म्हणाल्या. 'एकदम ठीक' अशा अर्थाचा हा शब्द त्यांनी इथेच उचलला होता.

वर एक उभा दगड आहे. त्याच्या कडेला आडव्या रेघांची जुनी लिपी कोरलेली आहे. बाईंची पाठ त्या दगडाला लागली तेव्हा त्या थांबल्या. मी त्यांना उभं केलं. समोर पांढरं, डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. खाली कुठेतरी समुद्र आपटत होता, एवढंच. मला रडूच फुटलं. इतकं करून एक थेंब निळा दिसू नये! बाई मात्र दगडाच्या रेघा बोटाने मोजत होत्या, वाऱ्याकडे तोंड करून ओठांवरचं मीठ चाखत होत्या, पायाखालचं गवत दाबून पाहत होत्या. धुकं हलेल म्हणून आम्ही अर्धा तास थांबलो. ते हललं नाही. आजोबा पाचला नाही, चारलाच आले होते, आणि आम्हाला शोधत निम्मा चढ चढून आले होते. मंदारने ट्रेलरमधून सायकलींसकट उतरणारी आपली आई पाहिली आणि पंधरा मिनिटं बोलला. बाईंनी त्याला बोलू दिलं.

पुढच्या महिन्यात त्या अमरावतीला गेल्या. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी सायकल बंद म्हणजे बंदच केली. एवढा लांबचा प्रवासही आता नको म्हणतात. मी आता ऑफिसला सायकलनेच जाते. वळण घेताना अजून मागून ओरडा ऐकू येईल असं वाटतं, आणि आला नाही की चुकल्यासारखं होतं.

ऑपरेशननंतर बरं वाटू लागल्यावर बाईंनी खटपट करून वैशालीचा नंबर मिळवला. ती आता यवतमाळला बँकेत आहे. माफी मागायची म्हणून बाईंनी तिला फोन केला आणि त्यानंतर लगेच मला.

"तिला माहीत होतं!" बाई फोनवर ओरडत होत्या. "साऱ्या वर्गाला माहीत होतं! म्हणते, दर सुट्टीत तुमची सायकल आमच्याच गल्लीत दिसायची, बाई, समुद्रावर तुम्ही जाणार कधी?"

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"म्हणते, ऐकायला छान वाटायचं. सातवीत गेल्यावरही तो तास आला की आम्ही पाचवीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहायचो, यंदा काय वाढलं ते ऐकायला."

माझे डोळे भरून आले.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणाली, आता खरं सांगा, बाई, कसं असते?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? काहीच दिसलं नाही, तेच सांगितलं," बाई म्हणाल्या. "पाऊण तास लागला."