वासरीचं तोडलेलं दूध

यंदा आमच्या वासरीला हगवण लागली तेव्हा मी तिचं दूध तोडलं. आमच्या भागात बायका हेच करतात. पातळ हगतंय म्हणजे दूध पचत नाही, म्हणून पाजायचं नाही, डाळिंबाच्या सालीचा काढा द्यायचा. मला हे लगेच पटलं. वासरीच्या वाट्याचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जात होतं, आणि कॅन काठोकाठ भरलेला पाहून मला बरं वाटत होतं.

वासरी खंगत गेली. डोळे खोल गेले, कान गार पडले, उठवलं तरी उभी राहीना. शेवटी अमडापूरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली.

"दूध किती पाजता?"

"बंद केलं."

"काऊन?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पचत नाही नं तिले. सुनेले समजते सारं."

"हगवणीनं अंगातलं पाणी चाललं, अन् वरून तुम्ही उपाशी ठेवली," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सलाईन लावलं, औषध दिलं. दूध थोडं थोडं पाजा, मधून मधून मीठ-साखरेचं पाणी द्या, असं सांगून गेले.

मी बाटली तिच्या तोंडाला लावली. दूध पचत नाही म्हणून जिचं तोडलं होतं, ती डोळे मिटून ओढत होती.

वासरी उभी राहिली तशी सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, "माह्या सुनेनं वाचवली." मी ऐकून घेतलं. मग शेजारीण आली.

"काय पाजलं वो वहिनी? आमचं गोऱ्हंबी पातळ हगून राह्यलं. सकाळीच दूध तोडलं म्या त्याचं."

"तोडू नका. मी तोडलं म्हणूनच आमची पडली होती."

"माय वो! अन् तिच्या वाट्याचं दूध?"

"डेअरीत घातलं."

ती थांबली नाही, गोऱ्हं गाईला सोडायला घराकडे पळाली. सासूबाई ओट्यावर खाली मान घालून तूर निवडत राहिल्या. एरवी मला टोमणा मारायची संधी त्या सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो मारला असता तर मला तिथे उभं तरी राहता आलं असतं.