बियाण्याच्या कणगीतली पाखरं

२६ सप्टेंबर १९७५. पेरणी आठवड्यावर आलेली, म्हणून बियाण्याच्या ज्वारीची कणगी फोडायची होती. वरचं शेणाचं लिंपण खुरप्यानं काढून मी झाकण उचललं, तशी आतून भुशाच्या रंगाची बारीक पाखरं उठली. लांबट पंख, कडेला केसांची झालर.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी कणगीकडं पाहिलंच नाही, माझ्या धाकट्या जावेकडं पाहिलं. ती वैशाखात लग्न होऊन आलेली.

"गेल्या महिन्यात बाहेर बसली असताना हिनं कणगीला हात लावला. म्या पाह्यलं. इटाळ झाला बियाला."

"चक्कर आली होती, आत्याबाई. टेकून उठले फक्त."

"म्हंजे लावला ना? उद्याच्या मोटारीनं गोरेगावला आईकडं जा. पेरणी होऊस्तोर इकडं तोंड दावू नको."

असा ठपका ठेवून धाडलेल्या सुनेला पुन्हा आणायला कुणी जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिचा नवरा, माझा दीर, तिथंच बैलाचं दावं वळत बसला होता. वळतच राहिला. आई बोलते ते परवडलं, पण ह्याचं गप्प बसणं पाहून माझं डोकं फिरलं.

मी काही दाणे तळहातावर घेतले. लांबून धड दिसणारे. जवळून पाहिलं तर बऱ्याच दाण्यांवर टाचणीच्या डोक्याएवढं गोल, पातळ पापुद्र्याचं झाकण. एक नखानं उचकटलं. आत पांढरी अळी, दाण्याचं पीठ खाऊन त्याच पोकळीत पडलेली. दुसऱ्यात पाखरू तयार होतं, पंख मिटलेलं. पाखरू स्वतः काही खात नाही. श्रावणात घरखर्चाच्या ज्वारीतून निघालेली पाच-सहा मी पिठासकट पेल्यात कोंडून वर फडकं बांधलं होतं. पिठाला तोंड न लावताच ती चार-पाच दिवसांत मेली. खाते ती अळी, आणि ती दाण्याच्या पोटातच वाढते. चैत्रात बियाण्याला कडक ऊन दिलं की मरते. यंदा लग्नाच्या घाईत ऊन द्यायचं राहिलं होतं. ते काम माझं.

तसं मी सांगितलं. "चूक माझी हाय. तिचा काय संबंध?"

"तू काहून तिची बाजू घेऊन राहिलीस? बहीण लागती का तुझी?"

मी देवघरात गेले. सुगीची पहिली पाच कणसं आमच्याकडं देवापुढं टांगतात, आणि त्यांना सासूबाईंशिवाय कुणी शिवत नाही. ती काढून आणली आणि त्यांच्यासमोर चोळली. तसेच पापुद्रे, तशीच भोकं. एक पाखरू उडून त्यांच्या पदरावर बसलं.

"आता सांगा, ह्याला कुणाचा हात लागला?"

त्यांनी पदर झटकला आणि म्हणाल्या, "हिचा वारा लागला असंल."

दीर हसला.

"हसता काय भाऊजी? बायको तुमची हाय. उद्या मोटारीत बसवायला तुमीच जाणार, का तेबी मीच करू?"

तो दावं खांद्यावर टाकून निघून गेला. एवढं पुराव्यानिशी दाखवूनही निकाल जागचा हलला नव्हता. जाऊ आत जाऊन लुगडी बांधायला लागली. मी तिला थांबवलं नाही. बोलून काही होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घंगाळात मिठाचं पाणी केलं, जावेला समोर बसवलं आणि कणगीतली ज्वारी तिच्याच हातानं पाण्यात ओतायला लावली. पोखरलेले दाणे वर तरंगले, भरीव तळाला बसले. दिवसाची एकच मोटार येऊन गेली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बियाण्यात होते. पेरायचं सगळं बी आता तिच्याच हातून निघालेलं होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तरंगलेल्या दाण्यांचं टोपलं मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि उकिरड्यात पुरून या म्हणून सांगितलं.