मुंबई ते सिंगापूर, साडेपाच तास

लेक नोकरीनिमित्त सिंगापूरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे लासुर्ण्याला आमच्याकडे व्हायचं होतं. सातव्या महिन्यात तिला रजा मिळाली नाही, आठव्यात मिळाली. मी तिची खोली धुऊनपुसून ठेवली, तर आमचे चुलत सासरे, आबा, म्हणाले, "आठव्यात पोटुशी बाई हलवत न्हाईत. नववा लागू दे." आमचे हे गेल्यापासून आबांचा शब्द मोडायची सवय घरात कुणालाच नाही. मीही मान डोलावली. नववा लागला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता विमानात बसायचं नाही.

मला आबांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. पण रागावून बाळंतपणं होत नाहीत. ती येत नसेल तर मी जाते, म्हटलं. तिच्या कळांच्या वेळी मी तिच्याजवळ असणार.

पासपोर्ट होता, जावयांनी हौसेनं काढायला लावलेला. व्हिसाही आला. मग आबांनी नवा सूर लावला.

"एकटी बाई, चार हजार किलोमीटर, ते बी समुद्रावरनं?"

"मुंबईपासनं साडेपाच तास हायेत, आबा."

"तिकिटावर तर आठ दिसत्यात."

"तितलं घड्याळ अडीच तास फुडं हाय. आन् लासुर्ण्यातनं मुंबईच्या विमानतळावर जायाला सहा तास लागत्यात, त्याला कुणी लांब म्हणत न्हाय."

आबांनी मग स्वतःच ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लावला. माणूस मनानं वाईट नाही.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत होते, तेवढ्यात जावयांचा फोन आला. दिलेल्या तारखेला अजून दोन आठवडे होते, पण कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला दवाखान्यात नेलं होतं. पुढं साडेपाच तास फोन बंद. शेजारचा माणूस खुशाल घोरत होता, मला त्याचाही राग येत होता. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र समुद्रावर मुंगीसारखं सरकत होतं. मी त्यावरून नजर हलवली नाही. जेवण आलं तसंच परत गेलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा ती कळा सोसत होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

"आई, एवढ्या लांब एकटी कशी आलीस गं?"

तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. "माझं माहेर कऱ्हाटी, दोन तासांची वाट. तुझ्या वेळी मलाबी आठव्यात हलवलं न्हवतं. नववा लागायच्या आधीच तू झालीस. माझी आई आली ती दुसऱ्या दिवशी. समदं ठावं असून मी परत मान डोलावली. चुकलं माझं."

नातीचं रडणं ऐकू येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.