तुळशीबाईंचे चिंचोके

तुळशीबाईंबद्दल मला खरं तर फार थोडं माहीत आहे. शाळेत आमच्या दोघांच्या वर्गांच्या मध्ये बांबूचा एक तट्ट्या होता. जे काही कळलं ते बहुतेक त्या तट्ट्यातून ऐकून. त्यांचं माहेर कुठलं, हेही मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटायचं, पण मला ते जमत नसे. आता त्यांना ओळखणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सुधारायलाही कुणी नाही.

एकोणीसशे चौतीसच्या सुमाराची गोष्ट. तापीकाठचं आमचं गाव तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. शाळा लोकल बोर्डाची. हेडमास्तर वरचे वर्ग घेत, मी पहिली, आणि तुळशीबाई बिगारी, म्हणजे शाळेत नुकतीच आलेली पाच-सहा वर्षांची पोरं. त्यांत पाटलांची होती, कुंभाराची होती, शेतावर राबणाऱ्या भिल्लांचीही दोन-चार होती. बाई लहानपणीच विधवा झालेल्या. दिराच्या घरी राबत होत्या. तिथून भांडून धुळ्याला शिकायला गेल्या आणि शिक्षिका झाल्या. गावात कुंभाराच्या घरामागे एक खोली घेऊन त्या राहत. "मन्ही खोली", माझी खोली, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

मी शाळेत रुजू झालो तेव्हा त्यांची नजर जाऊ लागली होती. एकदा त्या हजेरीपट घेऊन माझ्याकडे आल्या.

"मास्तर, जरा नावं वाचता का? चष्मा घरी राहिला."

मी वाचली. दुसऱ्या दिवशीही चष्मा घरी राहिला. त्यांना चष्मा कधी नव्हताच, हे मला ठाऊक होतं. वर कळलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर खोली जाईल आणि पुन्हा दिराचं घर, हेही ठाऊक होतं. त्यावर आमचं बोलणं कधी झालं नाही. मी रोज नावं वाचत गेलो.

बिगारीत तेव्हा धूळपाटी असे. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं गिरवायचं. अक्षरांच्या आधी गोल, चौकोन, त्रिकोण. धुळीतली रेघ बाईंना दिसेनाशी झाली, आणि हात लावावा तर ती मोडायची. म्हणून त्यांनी चिंचोक्यांची थैली भरून आणली. पोरांनी सारवलेल्या जमिनीवर चिंचोके एकापुढे एक मांडून आकृती करायची, आणि बाईंनी त्यावरून तळहात फिरवायचा. मला पलीकडून ऐकू यायचं.

"दिवाल्या, हा एक कोपरा. हा दुसरा, हा तिसरा. चौकोनाचा चौथा कोपरा कुठं गेला रे?"

"खादा, बाई."

"कच्चा?"

"नही, भुंजेल व्हता."

"मंग माले काबर नही दिना?"

वर्ग हसायचा. माझाही.

पोरांच्या तोंडी गोल म्हणजे भाकर, चौकोन म्हणजे खाट, आणि त्रिकोण म्हणजे चूल; तीन दगड मांडले की चूल होते, म्हणून. बाई ती नावं चालवून घेत. शाळेतलं नाव मागाहून येतं, असं त्या म्हणत. हेडमास्तर थट्टा करायचे, "बाई, साहेबासमोर खाट म्हणू देऊ नका. झोपायला मागेल."

पोरांना आणखी एक सवय लागली होती. काही दाखवायचं असलं की ती बाईंचं बोट धरून त्या वस्तूवर नेत. बोरं असोत, नवा परकर असो, खरचटलेला गुडघा असो. बाईंना दिसत नाही, हे पोरांनी घरी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. बाई अशाच बघतात, एवढंच.

त्या थंडीत शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, साहेब आले. आदल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "साहेब बसतील कुठं? दाराकडे, की भिंतीकडे?" मी म्हणालो, खुर्ची भिंतीकडे ठेवतो. ठेवलीही. साहेब बसले नाहीत.

तरी तपासणी चांगली चालली होती. पोरांनी चिंचोके मांडले, बाईंनी हात फिरवला, साहेब "छान" म्हणाले. माझी मुलं पाढे म्हणत होती आणि मी तट्ट्याच्या फटीतून पाहत होतो. मग साहेबांनी कुंभाराच्या पोरीची, भिकूची, दगडी पाटी घेतली, तिच्यावर पेन्सिलीनं त्रिकोण काढला आणि वर्गाला विचारलं, "हे काय?"

"चूल!"

"चूल?" साहेबांनी पाटी बाईंपुढे धरली. "बाई, बरोबर आहे का?"

पेन्सिलीची रेघ हाताला लागत नाही. तेवढ्यात भिकू उठली, तिनं बाईंचं बोट धरलं आणि रेघेवरून हळू फिरवू लागली.

"आठे एक दगड, बाई. आठे दुसरा. आठे तिसरा."

बाईंनी हात ओढून घेऊन तिला दटावलं असतं, तर पोरीचा चाळा म्हणून निभावलं असतं. निदान मला तसं वाटतं. त्यांनी बोट तिच्या हातात तसंच राहू दिलं, तिन्ही दगड पुरे होईपर्यंत.

"त्रिकोण," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे, साहेब. बठ, माय."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. "आणि हे?"

"गोल." बाईंनी मूठ मिटून पाहिली. "किल्ली द्यायची राहिली, साहेब."

साहेबांनी घड्याळ कानाला लावलं. हेडमास्तरांना हसू आवरेना, मग साहेबही हसले. त्यांनी घड्याळाला किल्ली दिली. पुढचं बोलणं मात्र हेडमास्तरांना बाहेर नेऊन केलं.

धुळ्याला जाऊन डॉक्टरांकडून डोळे तपासून आणावेत, असा हुकूम आला. बाई गेल्या आणि परत आल्या. होळीच्या आत त्यांना नोकरीतून मोकळं केलं. भिकूला गावात कुणी काही बोललं का, मला माहीत नाही. बाई बोलल्या नसाव्यात, कारण शेवटच्या दिवसापर्यंत ती त्यांचं बोट धरून त्यांना खोलीपासून शाळेत आणत होती.

दिराकडची बैलगाडी आली तेव्हा मी कुंभारवाड्यात गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. बाई गाडीत चढून बसल्या होत्या. मी चाकाजवळ उभा राहिलो.

"कोन शे?"

"मी, रतिलाल."

"मास्तर, चिंचोक्यांची थैली खुंटीला लावली आहे. खाली ठेवू नका, उंदीर लागतात."

"बरं."

"आणि दिवाल्यापासून जपा."

"जपतो."

"येस मंग," त्यांनी निरोप घेतला.

"या," मी म्हणालो.