मैद्याची गाडी

बिस्किटांच्या कारखान्यात आलेली मैद्याची गाडी आत घ्यायची की परत धाडायची, हे एकोणीस वर्षं एकाच बाईच्या हातात होतं. तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. गोणीची शिवण उलटी करून ती भिंगातून बघायची, मूठभर मैदा चाळायची, ट्रकच्या फळ्यांच्या फटीत बॅटरी मारायची. "घरी तांदूळ निवड म्हटलं की हिचे डोळे दुखतात," असं नवरा चिडवायचा.

गोदामात गोण्या उचलायला तिनंच धाकट्या भावाला चिकटवलं होतं, साहेबांच्या हातापाया पडून.

एका सकाळी आलेल्या गाडीत तिला शिवणीला जाळी दिसली, जाळीत अळ्या. तिनं पावतीवर 'माल परत' लिहिलं. मॅनेजर धावत आला.

"मैदा संपत आलाय, मशिनं थांबतील. उतरवून घ्या, औषध मारू."

"साहेब, एकदा किडे आत आले की ते गोणीत थोडेच बसणार? चाळणीत, पट्ट्याखाली, सगळीकडे घर करतील."

"ते मी बघतो."

भाऊ शेजारीच उभा होता. त्यानंच गोण्या उतरवल्या.

दीडेक महिन्यात यंत्राच्या चाळणीत किडे वळवळायला लागले, मग पुड्यांतही निघाले. कारखाना आठ दिवस बंद पडला. चौकशी बसली. तिची पावती कुठे सापडेना. मॅनेजर म्हणाला, "गाडी बाईंनीच पास केली." साक्षीला भावाला बोलावलं. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "ताईनं हरकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही."

तिला काढून टाकलं. तिची जागा भावाला मिळाली.

पंधरा दिवसांनी तो दारात हजर. "माझी पोरं लहान आहेत गं, काय करणार होतो?" मग खालच्या आवाजात, "ते किडे ओळखायचे कसे, तेवढं सांग ना. मला काही कळत नाही."

"हाकल त्याला," आतून नवरा ओरडला.

ती हाकलणारच होती. पण ती बिस्किटं कुणाची तरी लेकरं खाणार होती. त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून तिनं सगळं सांगितलं, दोनदा. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तो गेल्यावर ती ढसाढसा रडली. नवऱ्याला वाटलं, भावापायी रडतेय. भावानं दिलेलं दुःख तिनं केव्हाच गिळलं होतं. शिकवता शिकवता, आपल्याला ते काम किती आवडायचं, हे तिला आठवलं होतं.